बटणावरचा कप

दहापैकी नऊ गाणी रेकॉर्ड झाली होती आणि बँडमध्ये एकमेकांशी बोलणं जवळजवळ बंद होतं. गायकाला सगळे भोंगा म्हणत. भोंग्याचं आणि गिटारवाल्याचं कशावरूनही वाजे; गाण्यांच्या क्रमावरून, पंख्याच्या वेगावरून. मधे भरडला जाई ड्रमर. एक तर तो गिटारवाल्याच्या ताईचा नवरा, त्यात स्वभावाने गरीब गाय.

दहाव्या गाण्याआधी साउंडवाला जेवायला गेला. ड्रमर काचेपलीकडच्या खोलीत हेडफोन लावून ड्रमचे स्क्रू आवळत बसला. काचेअलीकडून बटण दाबून बोललं तरच त्याला ऐकू जाई. गिटारवाल्याने चहाचा भरलेला कप टेकवला तो नेमका त्या बटणावर.

"आल्बम झाला की भाऊजींना नारळ देऊ," ड्रमरच्या कानात मेहुण्याचा आवाज आला. "कानात ठेक्याची टिकटिक लावूनही ताल पुढे पळतो त्यांचा."

"पळतो खरा," भोंगा म्हणाला.

तीन आठवड्यांत दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं, तेही याला काढण्यावर.

"ताईला कोण सांगणार?"

"तू. बहीण तुझी."

"मला जीव प्यारा आहे रे."

हेडफोन काढावा असं ड्रमरला वाटलं, पण हात वर जाईना. अठरा वर्षं त्याने दुसरं काही केलंच नव्हतं. उद्यापासून सकाळी उठून करायचं काय?

"पण खरं सांगू?" भोंगा म्हणाला. "ते पळतात ना, तेव्हाच माझा गळा सुटतो. टिकटिकीबरोबर मी नुसते पाढे म्हणतो."

मेहुण्याने घोट घ्यायला कप उचलला आणि कानातला आवाज तुटला. निकाल काय लागला ते ड्रमरला कळलंच नाही.

साउंडवाला परतला तसा ड्रमर माइकमध्ये म्हणाला, "माझी टिकटिक बंद करा."

"भाऊजी, ताल पळेल," मेहुणा म्हणाला.

"पळू दे. तुम्ही मागून या."

दुसऱ्या कडव्याला ताल जो उधळला, तो शेवटपर्यंत हाती लागला नाही. मेहुणा दातओठ खात गिटार घेऊन मागे धावला. भोंग्याने डोळे मिटून गळा मोकळा सोडला. गाणं संपलं, आणि नेहमी 'पुन्हा एकदा' म्हणणारा साउंडवाला म्हणाला, "हेच ठेवू."

"आज हे काय अंगात आलं तुमच्या?" मेहुण्याने आत येऊन विचारलं.

"चहाचा कप बटणावर ठेवू नये," ड्रमर घाम पुसत म्हणाला. "ऐकू येतं."

मेहुण्याचा चेहरा पडला. "ताईला..."

"ते तू सांग. काढणार असशील तर."

त्याने सांगितलं नाही. तेच गाणं आधी गाजलं आणि त्याच्या मागोमाग बाकीची नऊ. मुलाखतीत मेहुणा म्हणाला, ताल मुद्दामच पळवला, कल्पना माझी. शेजारी बसलेल्या ड्रमरने मान डोलावली. कल्पना कोणाची का असेना, पुढच्या कार्यक्रमाला ड्रममागच्या स्टुलावर तोच बसणार होता.