डावा आहे, माफ करा

माकूच्या दंडातली काडी दोन दवाखान्यांना सापडली नव्हती.

आगपेटीतल्या काडीएवढी, पांढरी, मऊ अशी ही काडी मूल नको असेल तेव्हा दंडाच्या कातडीखाली सरकवतात आणि हवं झालं की काढून टाकतात. बोटाने चाचपली की ती लागायला हवी. माकूची लागत नव्हती. बसवताना सुई फार खोल गेली असणार. ती काढायला म्हणून ओदुमासेच्या दवाखान्यात एकदा चिरलं, पुढच्या गावी एकदा चिरलं. दोन्हीकडून वण तेवढा मिळाला. मधल्या काळात तिचं दुसरं लग्न झालं, वय अडतीस झालं, आणि काडी मात्र आपलं काम इमानेइतबारे करत राहिली. ती निघत नाही तोवर मूल नाही, इतकं सरळ होतं.

म्हणून माकू राजधानीत, आक्र्याच्या मोठ्या रुग्णालयात आली होती, आणि डॉ. एन्योनाम तिच्या उशाशी स्टुलावर बसून तिचा डावा दंड तपासत होती.

एन्योनाम स्त्रीरोगतज्ज्ञ होतीच. त्यावर ही दोन वर्षांची फेलोशिप. कुटुंबनियोजनातलं जे जे अवघड म्हणून इतर डॉक्टर पुढे पाठवून देतात, ते हाताखाली राहून शिकायचं आणि मग आपल्या भागात जाऊन इतरांना शिकवायचं. तिला केट्याला, आपल्या गावी, परत जायचं होतं. खोल गेलेली काडी काढणारं तिकडे समुद्राच्या काठाने कितीही चाललं तरी कुणी भेटलं नसतं.

"दिसते का हो मशीनमध्ये?" माकूने विचारलं. "माझी सासू म्हणते, आतापर्यंत गुडघ्यात पोचली असेल."

"गुडघ्यात नाही गेली. दंडातच आहे. ही बघा." एन्योनामने सोनोग्राफीचा पडदा तिच्याकडे वळवला. राखाडी रंगात एक पांढरा ठिपका होता आणि ठिपक्याखाली सरळ काळी सावली. "हा ठिपका म्हणजे तुमची काडी."

"एवढीशी? आणि हिने माझ्या नवऱ्याला रडवलं?"

"नवऱ्यांना रडायला काहीही पुरतं," आँटी डेडे म्हणाल्या. त्या या खोलीच्या परिचारिका. डॉक्टर येत-जात, आँटी डेडे आणि त्यांचा ट्रे जागच्या जागी असत.

ठिपक्याला लागून मधाच्या पोळ्याचा तुकडा असावा तसा एक गोल दिसत होता. तो मज्जातंतू. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट त्याच्या जोरावर चालतं. माकूचं वेण्या घालायचं दुकान होतं. एन्योनामने त्या गोलाकडे जरा जास्त वेळ पाहिलं.

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या डॉ. टागोंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. फेलोशिप त्यांच्या हाताखाली होती, आणि त्यांचा एक नेम होता. कातडीला पातं लावण्याआधी तोंडाने सांगायचं, पेशंटला ऐकू येईल असं, काय करणार आणि कधी थांबणार.

"बोल," त्या म्हणाल्या.

"काडीच्या मधोमध छोटी चीर. खालून भूल, पण बेतानेच, बोटं बोलती राहायला हवीत. टोकाला कडी असलेल्या चिमट्याने काडी धरून वर आणणार, भोवतीचा पापुद्रा खरवडून काढून घेणार."

"आणि थांबणार कधी?"

"बोटांत मुंग्या आल्या तर त्याच क्षणी. आणि चिमटा तीनदा घालूनही काडी धरली गेली नाही तर. मग टाका घालायचा आणि हाताच्या सर्जनकडे पाठवायचं."

"त्यांच्याकडे नंबर कधी लागतो?" माकूने विचारलं.

"मुलाचं बारसं पुढच्या वर्षी करायचं ठरवलं असेल तर ते पुढे ढकला," आँटी डेडे म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. माकूने छताकडे पाहिलं. "मग इथेच काढा, डॉक्टरबाई. मी घरी सांगून आलेय, आज काढूनच येते म्हणून."

एन्योनामने भूल दिली, वाट पाहिली, चीर दिली. रक्त थोडंच आलं. डाव्या हातात मशीनचा दंडावर टेकवायचा ठोकळा, उजव्या हातात चिमटा, नजर पडद्यावर. तिला असंच शिकवलं होतं, सगळ्यांनाच असं शिकवतात. चिमटा पडद्यावर तिरप्या रेषेसारखा उतरला, ठिपक्याजवळ गेला आणि मिटला. तिने ओढून पाहिलं. चिमट्यात काहीच नव्हतं.

"एक," डॉ. टागो म्हणाल्या. त्यांच्या आवाजात ठपका नव्हता, मोजणी होती.

दुसऱ्यांदा चिमटा ठिपक्याला लागला. काडी गरकन बाजूला सरली, त्या पोळ्यासारख्या गोलाकडे.

"करंगळी हलवा," एन्योनाम म्हणाली.

माकूने हलवली. "मुंग्या नाहीत. पण तुम्ही श्वास घ्या, डॉक्टरबाई. मगापासून घेतलेला नाही."

"दोन."

एन्योनामने चिमटा बाहेर घेतला आणि चिरेवर गॉझ धरला. डाव्या हातातला ठोकळा मगापासून केसभरही हलला नव्हता. पडद्यावरचं चित्र रंगवल्यासारखं स्थिर होतं. हलत होती ती चिमट्याची रेषा. अगदी किंचित, शेवटच्या क्षणी, मिटताना.

तिला कारण माहीत होतं, फार जुनं. केट्याच्या शाळेत पहिलीच्या बाईंनी तिचा डावा हात रुमालाने बाकाला बांधून ठेवला होता, वर्षभर. तेव्हा बऱ्याच शाळांत असंच करत; बाई वाईट नव्हत्या. डाव्या हाताने दिलेलं कुणी घेत नाही, डाव्या हाताने खाणाऱ्याबरोबर कुणी जेवत नाही, वडीलधाऱ्यांना डावा हात दाखवत नाहीत; पोरीचं पुढे कसं होईल, ही त्यांची काळजी होती. पोर शिकली. अक्षर चांगलं आलं. उजव्या हाताने टाके घातले, बाळंतपणं केली, पोटं उघडली. कधी काही अडलं नाही. अडलं ते इथे येऊन, जिथे आगपेटीच्या काडीला मज्जातंतूच्या अंगावरून उचलायचं असतं.

गेला महिनाभर ती सरावाच्या खोलीत सगळे गेल्यावर एकटी बसायची. डुकराच्या मांसाच्या तुकड्यात जुन्या काड्या खोल खुपसून ठेवायच्या आणि शोधून काढायच्या. एकदा नुसतं पाहावं म्हणून तिने हात बदलले. चिमटा गेला, मिटला, काडी बाहेर. परत केलं. परत बाहेर. तिने दार लावून घेतलं होतं, जसं काही चोरून खात होती.

मघाशी बेत सांगताना हे सांगायला हवं होतं. तिने सांगितलं नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "मला बाजू बदलायची आहे."

"कसली बाजू?"

"मी डावखुरी आहे."

आँटी डेडेंच्या हातातला गॉझचा पुडा तसाच राहिला. डॉ. टागोंनी चष्मा काढला, पुन्हा घातला.

"दोन वर्षं आपण एका ताटात हाताने बांकू खातोय," त्या म्हणाल्या.

"खाते उजव्यानेच. लिहितेही. पण हे काम उजव्याला येत नाही. डाव्याला येतं. महिनाभर मांसावर करून पाहिलंय."

"मांसाला करंगळी नसते."

"नसते. म्हणून थांबायचं तेच ठेवते. तिसरा प्रयत्न, मुंग्या आल्या तर त्याआधीच."

डॉ. टागोंनी पडद्याकडे पाहिलं. "आणि हे मला आत्ता कळतंय. चीर दिल्यावर."

"चूक झाली."

"झाली. त्याचं नंतर बोलू." त्यांनी माकूकडे हनुवटी केली. "मला काय विचारतेस? दंड त्यांचा आहे."

एन्योनाम उठली आणि माकूला तिचा चेहरा दिसेल अशी उभी राहिली. हात छातीशी वर धरलेले. "ऐकलंत ना सगळं? दोनदा जमलं नाही. आता एकदाच करून बघणार, डाव्या हाताने. माझा तो हात जास्त चांगला आहे, पण माणसावर हे काम मी त्याने कधी केलेलं नाही. नको वाटलं तर आत्ता टाका घालते आणि पुढे पाठवते. मला राग येणार नाही." मग लहानपणापासून तोंडात बसलेलं आपोआप बाहेर आलं. "डावा आहे, माफ करा."

माकूची नजर त्या हातमोजा घातलेल्या हातावर होती.

"डाव्या हाताने मला आजवर फक्त पहिल्या नवऱ्याने दिलं," ती म्हणाली. "घरातून जा म्हणून बोचकं."

"मग नको का?" आँटी डेडेंनी विचारलं.

"बोलू द्या की, आँटी. वेण्या घालताना माझी दहाही बोटं चालतात. डाव्याने धरलं नाही तर उजवा काय गुंफणार? पण कुठल्याही गिऱ्हाइकाने अजून म्हटलं नाही, की बाई, ही बट डाव्या हाताची आहे, सोडा." तिने दंड जरा सैल सोडला. "तुम्ही चोरून केलं असतं तर मला कळलंसुद्धा नसतं. विचारलंत. करा."

पण करायचं म्हणजे खोली उलटी करायला हवी होती. पलंग भिंतीला लावलेला, बसायला जागा फक्त उशाकडून. ट्रे उजवीकडे, मशीन डावीकडे, दिवा त्या हिशेबाने खिळलेला. एन्योनामला आता कमरेच्या बाजूने बसायचं होतं. आँटी डेडेंनी जखमेवर स्वच्छ कापड घातलं आणि पलंगाच्या चाकांची कळ पायाने काढली.

"या खोलीत मी आले तेव्हापासून हा पलंग इथे आहे," त्या ढकलत म्हणाल्या. "याच्याखाली काय काय निघेल देव जाणे."

एक पेन, एक चप्पल आणि कुणाची तरी कानातली रिंग निघाली. मशीन फिरवलं तर वायर पोचेना. आँटी डेडे शेजारच्या खोलीत गेल्या. तिथून आधी वादावादीचा आवाज आला आणि मग त्या वायरचा लांब बोर्ड घेऊन आल्या. या सगळ्या वेळात डॉ. टागोंनी पलंगाचं दुसरं टोक धरलं होतं, आणि माकू पलंगावर पडल्या पडल्या सूचना देत होती, थोडं मागे, भिंतीला लागेल, हां, पुरे.

नवे हातमोजे. नवं कापड. एन्योनाम बसली. उजव्या हातात ठोकळा, डाव्यात चिमटा.

चित्र आता मघासारखं स्थिर नव्हतं. उजवा हात ठोकळ्याला नवखा होता. तिने कोपर मांडीवर टेकवलं आणि थांबली. ठिपका आला, गेला, पुन्हा आला. ती वाट पाहत राहिली. ठिपका आला आणि राहिला. पोळ्यासारखा गोल त्याच्या शेजारी, मघापेक्षा जवळ.

"बोटं हलवत राहा," ती म्हणाली. "थांबू नका."

"वेणीच घालतेय हवेत," माकू म्हणाली.

चिमटा उतरला. पडद्यावर त्याची रेषा आली, सरळ, कुठेही न थरथरता. ती ठिपक्याच्या पलीकडच्या अंगाने गेली, गोलाला पाठ करून, आणि काडी चिमट्याच्या कडीत आली. मिटताना काही हलल्याचं दिसलं नाही. चिमट्यातून बोटांना एक बारीक, लवचीक अडथळा जाणवला. मांसात जाणवायचा तसाच.

"मुंग्या?"

"नाहीत."

"करंगळी?"

"आहे जागेवर."

तिने ओढलं नाही. हळूहळू उचललं. चिरेच्या तोंडाशी काहीतरी फिकट दिसलं. पात्याने तिने वरचा पापुद्रा खरवडला, एकदा, पुन्हा एकदा, आणि पांढरं टोक उघडं पडलं. आँटी डेडेंनी दुसरा चिमटा पुढे केला, सवयीने उजव्या बाजूला. मग हात मागे घेतला आणि डाव्या बाजूने दिला.

काडी बाहेर आली. अखंड. एन्योनामने ती पट्टीशेजारी धरून पाहिली, दोन्ही टोकं शाबूत होती. डॉ. टागो वाकल्या, पाहिलं, आणि सरळ झाल्या. आता तीन म्हणायची गरज नव्हती.

"बघू," माकू म्हणाली.

काडी एन्योनामच्या डाव्या हातातल्या चिमट्यात होती. ती उजव्यात घ्यायला तिचा हात उठलासुद्धा. पण माकूने आपला मोकळा उजवा तळवा आधीच पुढे धरला होता. एन्योनामने काडी गॉझवर ठेवली आणि तो गॉझ तसाच, डाव्या हाताने, तिच्या तळव्यावर ठेवला.

माकूने ती नाकाजवळ नेऊन पाहिली. "सासूला दाखवायला नेऊ?"

"न्यायची नसते. फोटो काढा."

"फोटोत गुडघापण घेते," माकू म्हणाली. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे गेलं. एक दंड बांधायला धरलेला, दुसऱ्या हातात काडी. पुसायला हात नव्हता. आँटी डेडेंनी पुसलं.

पट्टी झाली. पुढच्या महिन्यापासून दिवस राहू शकतात, घाई करू नका, रडूही नका, असं सगळं सांगून झालं. माकू चप्पल घालून गेली. जाताना दारातून डाव्या हाताची पाचही बोटं हलवून दाखवली. मग स्वतःच जीभ चावून म्हणाली, "डावा आहे, माफ करा."

एन्योनाम हातमोजे काढत होती. डॉ. टागो खिडकीशी उभ्या होत्या.

"नवीन मुलं येतील तेव्हा पहिल्याच दिवशी विचारायचं," त्या म्हणाल्या. "मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, विचारायचं काय त्यात." मग म्हणाल्या, "आणि पुन्हा चीर दिल्यावर काही सांगायला लागलीस तर मी तुझा हात बाकाला बांधेन. दोन्ही."

"हो, मॅडम."

आँटी डेडेंनी पलंगाची कळ काढली होती आणि तो भिंतीकडे लोटायला सुरुवात केली होती.

"राहू दे, आँटी," डॉ. टागो म्हणाल्या. "पुढची पेशंटही हिचीच आहे."

आँटी डेडेंनी कळ पुन्हा लावली. ट्रे उचलला, क्षणभर इकडे तिकडे पाहिलं आणि पलंगाच्या डाव्या अंगाला नेऊन ठेवला. मग दारातून डोकं बाहेर काढून शेजारच्या खोलीला ओरडून सांगितलं, "तो वायरचा बोर्ड आता मिळायचा नाही, तुम्ही दुसरा आणा!"