आप्पांची दहा हजार पावलं

शहादेव आप्पांना चालायची आवड कधीच नव्हती. नांदूरघाटच्या चौकापासून घर हाकेच्या अंतरावर, तरी तेवढ्यासाठी आप्पा गाडीला चावी लावायचे. गावानं त्यांना पायी पाहिलं होतं ते दोनच कारणांनी, कुणाच्या मयताला नाहीतर मतं मागायला.

यंदा मात्र दिवाळी सरली, गारठा पडला आणि आप्पांनी पांढरे बूट घेतले.

याला कारण रविराजदादा. दादा म्हणजे केजचा पुढारी. तालुक्यातलं कुठलंही तिकीट त्याच्या बोटाशिवाय हलत नाही. वय पस्तीस, शिक्षण पुण्यात, आणि पुण्याहून येताना मनगटावर पावलं मोजायचं घड्याळ घेऊन आलेला. स्वतःची पावलं मोजून कंटाळा आला, तसा तो दुसऱ्यांची मोजायला लागला. पंचायत समितीच्या तिकिटासाठी घिरट्या घालणारे सगळे त्यानं मोबाइलमधल्या एका गटात कोंबले. रोज दहा हजार पावलं, शंभर दिवस. पावलं खिशातला फोन मोजणार, ज्याचा त्याचा आकडा आपोआप सगळ्यांना दिसणार.

"थंडी आहे, धुई पडली, घरी पाहुणे आलेत, मला काही सांगायचं नाही," दादा बैठकीत म्हणाला. "एक खाडा, की नाव कट. ज्याला शंभर दिवस स्वतःचं अंग हलवता येत नाही, तो लोकांची कामं काय हलवणार?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आप्पांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. दोनदा या तिकिटानं त्यांना हूल दिली होती, आणि वय अठ्ठावन्न. हे गेलं तर पुढच्या खेपेला लोक खुर्ची देतील ती हात धरून बसवायला, हे आप्पांना कळत होतं. बाकी फारसं काही कळत नसलं तरी एवढं कळत होतं.

पहिल्या दिवशी सहाला आप्पा बाहेर पडले. कानटोपी, मफलर, स्वेटर, त्यावर जाकीट. अंगावरचं ओझंच पाच किलो. धुईत दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं, पण चौकातली शेकोटी दिसली, आणि शेकोटीला आप्पा दिसले.

"आप्पा! कावून पळायलाव? कुनी मागं लागलंय का?" म्हाळू ओरडला. म्हाळू म्हणजे शेकोटीचा कायमचा सभासद. कापसाच्या पऱ्हाट्या दुसऱ्यांनी आणायच्या, ऊब त्यानं घ्यायची.

"चालायलोय जरा."

"चाला की, कोन न्हाई म्हनतंय? पन बसून चाला. अय, आप्पाला खुर्ची दे बे!"

आता जाणत्या माणसाला सांगायला नको. आपल्याकडं हिवाळ्यात शेकोटीवरून न बसता पुढं जाणं म्हणजे जेवत्या ताटावरून उठण्यासारखं. साध्या माणसाला एक वेळ माफ. तिकीट मागणाऱ्याला नाही. आप्पांनी मनातल्या मनात डोकी मोजली. सात. सात मतं. बसले. चहा आला, तंबाखू झाली, दादाच्या घड्याळाची टिंगल झाली. उठेपर्यंत आठ वाजले. पुढच्या वळणावर दुसरी शेकोटी, तिथं सहा मतं. वेशीपाशी तिसरी, तिथं नऊ. दुपार झाली तेव्हा बावीस मतं, पाच चहा आणि पावलं अकराशे.

राहिलेली पावलं आप्पांनी संध्याकाळी वाड्यामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ट्रॅक्टरभोवती फिरून भरली. वनमालाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यानं नवऱ्याचं त्यांना नवल उरलं नव्हतं, पण करमणूक व्हायची.

"आवं, त्या ट्रॅक्टरला तरी घेऊन जावा सोबत," त्या म्हणाल्या. "त्याची बी बॅटरी उतरलीय."

तिसऱ्या दिवशी आप्पांनी मन घट्ट केलं आणि शेकोटीला नुसता हात करून पुढं निघून गेले. दहाच्या आत गावभर झालं, आप्पाला आता मानसं दिसंनात. तिकीट मिळायच्या आधीच ही गत, मिळाल्यावर वळखतील का? दुपारी म्हाळू स्वतः घरी आला, अगदी दुखावल्या तोंडानं, आणि दोन कप चहा पिऊन गेला.

आप्पांच्या डोक्यात तेव्हा हिशेब पडला. चाललं तर मतं जातात, बसलं तर तिकीट जातं. चालणारा एक आणि बसणारा एक असे दोन आप्पा पाहिजेत. बसणाऱ्याची सोय होती. चालणारा म्हणून त्यांना बजरंग दिसला.

बजरंग आप्पांचा माणूस. म्हणजे गाडीचं दार उघडायचं, हार धरायचे, आप्पांच्या वाट्याच्या शिव्या खायच्या. चाळिशीचा, सडसडीत. पूर्वी दहा हंगाम कोयता घेऊन ऊसतोडीला गेलेला, त्यामुळं पहाटेची थंडी त्याला नवी नव्हती.

"हा फोन खिशात घाल," आप्पा म्हणाले, "आन् दहा हजार झाल्याशिवाय परत यिऊ नको."

"आन् फोन आला तर?"

"उचल. म्हन, आप्पा चालायलेत. सकाळी सकाळी कोन करतंय? रडगाणी घेऊन बसणारेच. तेवढीच माझ्या डोक्याची कटकट कमी."

एवढा पुढारी माणूस, तीस वर्षं राजकारणात काढलेली, आणि त्यानं स्वतःचा नंबर दुसऱ्याच्या खिशात घातला. अडाणी माणूससुद्धा एक वेळ शेताचा बांध देईल, पण नंबर देणार नाही. आप्पांनी दिला, वर सुटलो म्हणून चहा मागवला.

आता गंमत अशी की हिवाळ्यात निम्मं गाव गावात नसतंच. दिवाळी झाली की टोळ्या उसाला जातात, कोण कोल्हापूरकडं, कोण कर्नाटकात. घराला कुलूप, नाहीतर घरात एक म्हातारं आणि शाळेतलं एखादं पोरगं. शेकोटीला उरतात ती कामाला न गेलेली माणसं. आप्पा बावीस मतं शेकत बसले होते आणि साडेतीनशे मतं उसाच्या फडात होती. मतदानाला ट्रक भरून येणारी. आणि त्या साडेतीनशेंची रडगाणी सकाळी सहा ते आठच्या आतच यायची, फडात हात कामाला लागायच्या आधी.

"आप्पा, मी अजिनाथ बोलतोय, फडावरून. आईचा दोन दिस फोन लागंना..."

"आप्पा चालायलेत. बजरंग हाय मी. थांब, तुज्या दारातूनच चाललोय." आणि बजरंग आत जाऊन चंद्रभागाबाईच्या कानाला फोन लावायचा. म्हातारी लेकाशी बोलायची, रडायची, मग बजरंगला म्हणायची, गोळ्या संपल्यात बाबा. बजरंग सरकारी दवाखान्यात. तिथून पुढं कुणाचा रेशनचा अंगठा अडलेला, कुणाच्या वस्तीवरची विजेची डीपी जळालेली आणि हरभरा पाण्यावाचून वाळत चाललेला. बजरंग काही संत नव्हता. पण पावलं भरायचीच होती. रिकामं फिरण्यापेक्षा कुणाच्या दाराशी जाऊन आलेलं बरं, तिथं गुळाचा चहा मिळतो, एवढंच त्याचं गणित.

गणित वाढत गेलं. दहा हजारांचे बारा झाले, बाराचे सोळा. गटात शहादेव आप्पा पहिल्या नंबरावर आले. दादानं सगळ्यांसमोर अंगठा दाखवला, आप्पांनी तो अंगठा शेकोटीला दाखवला.

आणि मग व्हायचं तेच झालं. आप्पांना खरंच वाटायला लागलं की आपण चालतोय. पुस महिन्याच्या थंडीत, मांडीवर घोंगडी घेऊन, ते लोकांना श्वास कसा घ्यायचा ते शिकवायला लागले.

"सुरुवातीला पोटऱ्या भरतात," आप्पा सांगायचे. "पंधरा दिवसांनी अंगाला वळण लागतं. मग न्हाई चाललं तर चैन पडत न्हाई."

"दिसतंय की," म्हाळू म्हणायचा. "लई उतरलाव तुमी." आणि आप्पांच्या पैशानं आलेली भजी तोंडात टाकायचा.

वनमालाबाईंनी मात्र एकदा विचारलं, "रोज सोळा हजार पावलं, आन् बूट आजून पांढरेच कसे वो?"

"बायकांना कळत न्हाई त्यातलं," आप्पा म्हणाले, आणि त्या दिवशी जाताना बूट मुद्दाम राखेत फिरवले.

सत्त्याण्णवाव्या दिवशी सकाळी सातला धुईतून एक गाडी आली आणि चौकात थांबली. रविराजदादा उतरला. आप्पा खुर्चीवर, घोंगडी मांडीवर, बशी तोंडाला. उठायला गेले तर चहा जाकिटावर सांडला.

"बसा, आप्पा. झालं चालून?"

"आत्ताच टेकलो, दादा. आज जरा लवकर उरकलं."

"हो ना." दादानं मोबाइल पाहिला. "आठ हजार शंभर. एकशे दहा. एकशे वीस. आप्पा, तुम्ही बसलात तरी वाढतायत."

कुणी हसलं नाही. हसायचं कुणाच्या बाजूनं, ते अजून ठरलं नव्हतं.

दादानं आप्पांचा नंबर लावला आणि आवाज मोठा केला.

"बजरंग बोलतोय. बोला." आप्पा चालायलेत हे पालुपद त्यानं कधीच सोडून दिलं होतं. विचारणाराच कुणी उरला नव्हता.

"रविराज बोलतोय. कुठे आहेस?"

"डीपीकडं चाललोय, दादा. वायरमन सोबत हाय. सोडलं तर पळून जाईल, धरून नेतोय."

"दुपारी केजला ये. आधार आणि मतदार यादीतलं नाव घेऊन ये. फॉर्म भरायचाय."

"आप्पांचा?"

"तुझा."

पलीकडून आधी वायरमनला "चल पुढं" असं दरडावलेलं ऐकू आलं. मग बजरंग म्हणाला, "वायरमन गेला की येतो."

दादानं फोन खिशात घातला. "महिनाभर मी टोळ्यांना फोन लावतोय, आप्पा. दोनशे जणांना विचारलं, तुमची कामं कोण करतं. एकानं तुमचं नाव घेतलं, आणि तोही तुमचा मेहुणा निघाला."

"दादा, ती पावलं माझीच हायत!" आप्पांचा आवाज चिरकला. "माझ्या नावावर हायत! माझ्या सांगण्यावरनंच चालला तो!"

"म्हणून तर नाव अजून ठेवलंय. शंभर दिवस पूर्ण करणाऱ्यांचा मी सत्कार करणार आहे. शाल, नारळ, स्टेजवर खुर्ची. तीन दिवस राहिलेत. तेवढे चाला."

गाडी गेली. धूर विरायच्या आत म्हाळू म्हणाला, "बजरंगभाऊ पयल्यापासून आपलाच मानूस हाय. मी म्हनतच होतो." बाकीच्यांनी माना हलवल्या. बावीस मतं चहा संपायच्या आत सरकली.

बजरंगनं फोन आणून दिला, आप्पांच्या पाया पडला आणि जीप धरून केजला गेला. आता तिकीट गेलं होतं, शाल उरली होती. कुणाही शहाण्या माणसानं तीन दिवस गुमान पाय उचलले असते. आप्पांनी दुसऱ्या दिवशी पहाटे शेकोटीला येऊन विचारलं, "तीन दिवस कोन चालतंय?"

सात हात पुढं आले. अडीच-तीन महिने ढुंगण न हललेली माणसं, पण त्या फोनमध्ये काय निघतं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. म्हाळू तर उभाच राहिला.

आप्पा एकदा फसले होते, दुसऱ्यांदा फसणार नव्हते. त्यांनी फोनचं सिम काढून आपल्या जुन्या बटणाच्या फोनच्या डबड्यात घातलं, आणि रिकामा फोन म्हाळूच्या हातात दिला. "संध्याकाळी सिम टाकलं की आकडा जातोय गटात. चाल तू."

डबडं दिवसभर वाजत राहिलं. "बजरंगभाऊ हायत का?" दहाव्यांदा आप्पांनी ते बंद करून टाकलं.

म्हाळू वेशीपर्यंत गेला. तिथल्या शेकोटीपाशी त्यानं फोन उघडून पाहिला. सिम नाही. म्हणजे कुणाचा फोन येणार नाही, कुणाचं काम होणार नाही, कुणाला म्हाळूचं नाव कळणार नाही. नुसतं चालायचंच असेल तर आप्पा काय मेलेत का, असं म्हणून तो फोन मांडीखाली घालून बसला आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिला.

रात्री जेवताना आप्पांनी सिम घातलं. गटात त्यांच्या नावापुढं आकडा पडला, तीनशे बारा, आणि पाठोपाठ नावही गेलं. त्या तीनशे बारांतली निम्मी तरी आप्पांची स्वतःची होती, सकाळी फोन खिशात घालून घरापासून शेकोटीपर्यंत आणला, तेवढी.