दुपारचे अडीच जीबी

हिरवा दिवा लुकलुकत होता. मुगाच्या दाण्याएवढा... एकदा, दोनदा, मग जरा दम खाऊन भराभरा सात-आठदा — आणि रंगनाथ भिंतीजवळ खुर्ची ओढून राऊटरकडे असा टक लावून बसला होता, की बघणाऱ्याला वाटावं, म्हातारा डब्याला दृष्ट लावतोय. बघणारं कुणी नव्हतं म्हणा. मुलगा योगेश सातपूरला कंपनीत गेलेला, सून वेदिका आतल्या खोलीत दार लावून, कानांवर हेडफोन चढवून, कुठल्या कुठल्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकत बसलेली, आणि बायको मैना स्वयंपाकघरात. मग आत्ता एवढं कोण पितंय?

पितंय, हाच शब्द त्याला सुचला. चौतीस वर्षं पाटाचं पाणी मोजलेल्या माणसाला दुसरा कुठला सुचणार? वरच्या दारातून किती सुटलं, खालच्या दारात किती पोचलं आणि मधलं कुठे गेलं — एवढीच त्याची नोकरी. इथेही तेच. महिन्याला तीनशे जीबी. ते संपले की वेग असा मरतो की वेदिकाचं काम ठप्प. गेले दोन महिने चोवीस तारखेलाच सगळं आटलं होतं, आणि तिच्या कंपनीने लेखी कळवलं होतं, आणखी एकदा झालं तर घरी बसा. ती घरीच तर बसते की, असं रंगनाथच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण पोरीचे डोळे भरलेले बघून त्याने ते गिळलं. केबलवाल्याकडे याहून मोठा प्लॅन नव्हता, आणि दुसऱ्याची तार इमारतीत आणायला चेअरमन तयार नव्हते. “बाबा, तुम्ही मोजणारी माणसं,” योगेश म्हणाला, “शोधा. सापडला फोन की मला सांगा, ब्लॉक करून टाकतो.”

आणि खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. रेघांची वही, शिसपेन, मोबाइलवर योगेशने उघडून दिलेली ती यादी. वेदिकाचे रोजचे साडेचार जीबी. योगेशचे अडीच, क्रिकेट. टीव्हीचे दोन. आणि रंगनाथचा स्वतःचा चक्क एक! कीर्तन लावून तो झोपी जायचा आणि महाराज त्याच्या घोरण्यापुढे निरूपण करत राहायचे. तेही त्याने लिहिलं; मोजणाऱ्याने स्वतःला वगळू नये. पण यादीत एक बिननावाचं यंत्र होतं, नुसती अक्षरं आणि आकडे. रोज दोन ते पाच, रोज अडीच जीबी, रविवारीसुद्धा. एवढे अडीच वाचले की तीनशे बरोबर महिनाअखेरीला पोचत होते. हिशोब असा चपखल बसला की त्याला जुना आनंद झाला... आणि त्या आनंदामागोमाग चिमणाबाई आली.

नोकरीत असताना पाटाखाली तिचं वीतभर रान होतं. दोन दारांमधलं पाणी कमी भरत होतं, आणि भर चैत्रात तिची मेथी हिरवीगार. वहीत पाझराचा रकाना होता — पण पाझर लिहिला की वरून प्रश्न यायचे, चोरी लिहिली की यायचे नाहीत. “भाऊ, पाणी आपलं आपण येतंय,” ती म्हणाली होती, “म्या कुठं बोलावलं त्याला?” रंगनाथने चोरी लिहिली. तिची पाण्याची पाळी बंद झाली, मेथी करपली. पुढच्या वर्षी कोरड्या पाटात त्यालाच बोटभर चीर दिसली. सायखेड्याच्या वाटेवरच तर तिचं घर होतं, त्याची सासुरवाडीची वाट; पण जाऊन सांगणं काही त्याच्याने झालं नाही. त्याची लाज त्याला आजही वाटते.

सव्वादोन. दिवा आता थांबतच नव्हता. रंगनाथ उठला आणि अनवाणी, चोरपावलांनी, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला.

पोह्यांच्या डब्याला टेकवून त्याचाच जुना फोन उभा होता, कोपरा फुटलेला, जो मेला म्हणून त्याने खणात टाकला होता. फोनमध्ये सायखेड्याची चूल, आणि मैनाची थोरली बहीण, सावित्री, पाठमोरी, काहीतरी निवडत असलेली. मैना लसूण सोलत होती. कुणी बोलत नव्हतं. तो उभा राहिला... पाच मिनिटं, सात मिनिटं. तिकडे भांडं वाजलं. इकडे मैना पाणी प्यायली. अडीच जीबी, आणि एक शब्द नाही!

“काय बोलता गं तुम्ही तीन तास?” त्याने विचारलं.

मैना दचकली नाही. “बोलायचं काय? ती तिचं करते, मी माझं. योगेशनंच दिला लावून मागं; त्याच्या ध्यानातबी नसंल.” तिने टरफलं बाजूला सारली. “घरात माणूस असल्यावाणी वाटतं.”

“मी असतो की घरात.”

तिने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. रागाने नव्हे, एखादी वस्तू इथे कधी ठेवली होती बरं, असं आठवावं तसं.

“असता,” ती म्हणाली, आणि पुढची पाकळी घेतली.

तो खुर्चीत परत आला. वही उघडी होती; बिननावाच्या यंत्रापुढे नावाची जागा कोरी. संध्याकाळी योगेश विचारणार. मैना लिहिलं तर ती चूल विझणार. नाही लिहिलं तर दारामागच्या त्या पोरीची नोकरी. स्वतःची कीर्तनं बंद केली तरी दीड उरतच होता. त्याने शिसपेन उचलली, ठेवली.

खुर्चीपासून ओट्यापर्यंत बारा पावलं. आत्ताच मोजली होती, सवयीने. लग्नाची एकोणचाळीस वर्षं तो या टोकाला आहे, जागेवर आहे, कुठे गेलेला नाही... मग तिकडे पोचलं किती? आणि मधलं कुठे गेलं? हे कधी मोजावंसं कसं वाटलं नाही, याचं त्याला मनापासून नवल वाटत राहिलं.

आत भांडं वाजलं. सायखेड्यातलं की इथलं, ते त्याला ओळखता आलं नाही.