थप्पड खाणारा टॉर्च

आमच्या मामांचा टॉर्च बटणाने पेटत नसे. बटण होतं, नाही असं नाही, पण ते शोभेला. मामा तो लांबलचक स्टीलचा टॉर्च उजव्या हातात धरायचे, जरासा तिरका करायचे आणि डाव्या हाताने त्याच्या बुडावर अशी काही ठेवून द्यायचे की पार मागच्या रांगेतला माणूस दचकावा. फाट्! की लागला उजेड. मग त्या उजेडाच्या मागोमाग लोक आपापल्या खुर्चीपर्यंत जायचे. सिनेमाच्या अंधारात लोकांना जागा दाखवणं हे मामांचं काम. माझ्या जन्माआधीपासून ते हेच करत होते.

मी त्यांची भाची. त्यांनीच मला लहानाची मोठी केली. थिएटरसमोरच्या जिन्याखाली माझं दुरुस्तीचं दुकान आहे. इस्त्री आणा, मिक्सर आणा, काय वाट्टेल ते आणा, माझ्या दुकानातून वस्तू बिघडलेली परत जात नाही. फक्त त्या टॉर्चला मामा मला बोट लावू देत नसत. "त्याचं नि माझं जमतं," म्हणायचे. म्हटलं, जमू दे बाबा. मला काय कामं कमी आहेत?

तर झालं असं, की थिएटरच्या मॅनेजरचा मेहुणा रिकामा बसला होता आणि बहिणीच्या घरी बसून मॅनेजरच्या डोक्यावर मिरे वाटत होता. मॅनेजरने ठरवलं, मामांना घरी पाठवायचं आणि मेहुण्याला तिथे चिकटवायचं. पण थिएटरचा मालक एक नंबरचा कंजूष आणि त्याहून हट्टी. तो म्हणाला, "नवा टॉर्च मिळणार नाही. आहे तो ज्याच्या हातात पेटेल, त्याची नोकरी." झालं, तोच नियम.

मग थिएटरच्या दारात सगळ्यांची परीक्षा झाली. मेहुण्याने त्या टॉर्चला असं बडवलं की स्वतःचंच मनगट सुजवून घेतलं. तिकीटवाल्या बाईंनी हलकेच चापटी मारली आणि वर "सॉरी हं" म्हणाल्या. झाडूवालीने दांडा हाणला. मशिनवर सिनेमा लावणाऱ्याने तर टॉर्च खांद्यावर घेऊन, बाळाला ढेकर काढायला थोपटतात तसा थोपटला. उजेडाचा पत्ता नाही. शेवटी मामा आले, हात पुसले, फाट्! आणि मॅनेजरच्या डोळ्यांपुढे लख्ख उजेड. मेहुणा मनगट धरून कोपऱ्यात बसला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजर माझ्या दुकानात. टॉर्च काउंटरवर ठेवून म्हणाला, "ताई, असा करून द्या की कुणाच्याही हातात पेटेल. आणि मामांचं वाईट वाटून घेऊ नका. दमलेत हो ते. आता आराम करू दे त्यांना."

डोक्यात तिडीक गेली माझ्या. पण खरं सांगते, त्याचं म्हणणं मला पटलंही. या वयात काळोखात पायऱ्या चढउतार करायच्या म्हणजे काय? आणि दुसरं म्हणजे बिघडलेली वस्तू समोर आली की माझे हात शिवशिवतात. तोंडाने मॅनेजरला चार शब्द सुनावले आणि हाताने पेचकस उचलला.

आधी नवे सेल घातले. नाही पेटला. बल्ब काढून सुट्या वायरीने सेलला जोडला. पिवळट, पण पेटला. म्हणजे बल्ब ठीक. बटणही ठीक. मग बुडाचं झाकण उघडलं आणि कपाळावर हात मारला. कधीतरी सेल फुटून त्याचं पाणी आत झिरपलेलं, स्प्रिंगवर हिरवट पांढरा थर साठलेला, स्प्रिंग पार दबून गेलेली. झाकणाच्या आट्यांमध्ये इतका काळा मळ, की वीज बिचारी जाणार कुठून? व्हिनेगरचा कापूस फिरवून थर उतरवला, पॉलिशपेपरने घासलं, जुन्या टूथब्रशने आटे साफ केले, पक्कडीने स्प्रिंग ओढून वर काढली. आणि तिच्या टोकाशी मला ती दिसली. पुठ्ठ्याची गोल चकती, जांभळी. माझ्याच नव्या चपलांच्या खोक्याची!

चकती वेडीवाकडी कापलेली, आणि मधे नाही, तर कडेला एक भोक. तिने सेल आणि स्प्रिंग यांची गाठच पडू दिली नव्हती. टॉर्च बरोबर तिरका धरून बरोबर बाजूने थप्पड दिली, तरच ती सरकायची, भोक स्प्रिंगवर यायचं आणि उजेड पडायचा. आणि ती बाजू जगात एकाच माणसाला ठाऊक होती.

तशीच उठून घरी गेले. मामा खुर्चीत बसून शर्टाच्या गुंड्या लावत होते. मी चकती त्यांच्या नाकासमोर धरली.

"हे काय आहे?"

मामांनी ती हातात घेतली, बोटाने चाचपली. "सापडली होय!" म्हणाले. लाज ना शरम!

"मामा, हा शुद्ध लबाडपणा आहे!"

"आहे," मामा म्हणाले. "आधी नुसता मळ होता, कुणाचीही थप्पड चालली असती. मेहुणा आला आणि मी कात्री घेतली. दे, परत बसव."

"मी दुरुस्तीचं दुकान चालवते, जादूचे प्रयोग करत नाही. आणि बसा की आता घरी! रेडिओ ऐका, झोपा. काय अडलंय तुमचं त्या अंधारात?"

"अंधारात मला कुणी म्हातारा म्हणत नाही," ते एवढंच म्हणाले. मग पुन्हा गुंड्या लावायला लागले. मला त्यांचा राग आला होता. मी चकती केरात टाकली.

दुपारच्या खेळाआधी मालक जातीने आला. मी टॉर्च दिला. मॅनेजरने नुसतं बटण दाबलं आणि असा लख्ख प्रकाश पडला की मेहुणा टाळ्या वाजवायला लागला. त्याच्या हातातही पेटला. मग तिकीटवाल्या बाईंच्या. मग झाडूवालीच्या. मशिनवाल्याच्या.

मालकाने भुवया वर केल्या. "नियम म्हणजे नियम. ज्याच्या हातात पेटेल त्याची नोकरी. म्हणजे तुम्हा सगळ्यांची."

"अहो पण मालक, तिकिटं कोण देणार?" मॅनेजरने विचारलं.

"ते मी सांगितलं नव्हतं," मालक म्हणाला. बाहेर लोकांची ही गर्दी, खिडकीवर कुणी नाही, आणि आत पाचजण एका टॉर्चवरून हमरीतुमरीवर आलेले. मॅनेजरच्या तोंडचं पाणी पळालं.

"अजून मी राहिलोय," मामा म्हणाले.

त्यांनी टॉर्च घेतला. पेटलेलाच होता. पण इतक्या वर्षांचा हात तो, ऐकतोय होय! तिरका केला आणि फाट्! बल्बची तापलेली तार तटकन तुटली आणि टॉर्च विझला.

सगळ्यांच्या हातात पेटणारा टॉर्च एकट्या मामांच्या हातात विझला होता. मामा बटण दाबत राहिले, एकदा, दोनदा, पुन्हा. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. यांना मी घरी बसवायला निघाले होते!

"ताई, बल्ब आहे का?" मॅनेजरने विचारलं.

जादा म्हणून आणलेला बल्ब माझ्या पर्समध्येच होता. मी पर्स काखेत दाबली. "नाही," म्हणाले. "आणि असला मिळतही नाही आता."

टॉर्चच विझल्यावर बाई खिडकीवर आणि मशिनवाला मशिनवर परत गेले. सिनेमा सुरू झाला, आत गुडुप अंधार, दाराशी लोक ओरडायला लागले. मेहुणा दोन पावलं आत गेला आणि कुणाच्या तरी मांडीवर बसून परत आला. तेव्हा मामांनी विझलेला टॉर्च मॅनेजरच्या हातात दिला. पुढच्या माणसाला म्हणाले, "माझा शर्ट धरा. मागच्यांनी तुमचा धरायचा." आणि ती माळ घेऊन सरळ आत शिरले. ठेच नाही, धक्का नाही. प्रत्येकाला नंबर विचारून त्याच्याच खुर्चीत बसवून बाहेर आले आणि पुढची माळ घेऊन गेले.

मालक आ वासून बघत होता. "तुम्हाला टॉर्च लागतच नाही? मग इतकी वर्षं मी सेल कशाला भरले?" आणि मॅनेजरकडे वळून म्हणाला, "नोकरी यांचीच. टॉर्च बंद!" आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

मला हसू आवरेना. खेळ रंगात आल्यावर मामांना चहाला घेऊन मी बाहेर निघाले. बाहेर कडकडीत ऊन. मी दोन पायऱ्या उतरून मागे पाहिलं, तर मामा उंबऱ्यातच थांबलेले, चप्पल पुढे करून जमीन चाचपत होते.

"चला की! पायरी समोरच तर आहे," मी म्हणाले.

मामांनी मान वर केली. ते माझ्याकडे बघून हसले, पण मी उभी होते तिकडे नाही, भलतीकडेच.

"आत सगळेच आंधळे असतात गं," ते हळूच म्हणाले. "बाहेर मी एकटाच."

मी पुन्हा वर गेले आणि त्यांचा हात माझ्या खांद्यावर ठेवला.

"पायरी," मी म्हणाले. "आता अजून एक."