एर्नीचा हात

आमच्या सापिरांगा गावात माणसाचं तोंड नंतर बघतात, आधी पायातले जोडे. वडिलांनी केलेले जोडे लांबूनही ओळखू यायचे: चवडा रुंद, टाच बसकी. ते गेले आणि जोड्यांचा कारखाना माझ्या धाकट्या भावाकडे, एर्नीकडे आला. तेव्हा वाल्मोर नावाचा दलाल म्हणाला, "स्वतःचं डोकं कशाला शिणवता? परदेशी कंपनी नमुना देईल, जोडा बेतायची पायाच्या आकाराची कलबुतं देईल. तुम्ही नुसतं शिवा."

शिवले. चाळीस माणसांची चारशे झाली, नाही कशाला म्हणू? वडिलांची लाकडी कलबुतं अडगळ झाली, तेव्हा एका रविवारी मांस भाजायला एर्नीने ती जाळली. जुनं, वाळलेलं लाकूड; निखारे झकास पडले. मीही पोटभर जेवले.

यंदा कंपनी आणखी स्वस्त देशात निघून गेली. वाल्मोरने फोनवर सांगितलं, तेही हसत. एर्नी म्हणाला, "जाऊ दे. जोड्यांच्या प्रदर्शनात आपल्या नावाचा जोडा मांडू. तो चालला नाही तर चारशे जणांना घरी पाठवावं लागेल."

तो वडिलांच्या खोलीत बसला. लहानपणी हा पाव खाता खाता टेबलावर जोडे काढायचा, त्यामुळे मला भरवसा होता. पहिल्या जोड्याचं चित्र त्याने माझ्यापुढे ठेवलं. निमुळता चवडा, उंच टाच, बाजूला तीच तिरकी शिवण.

"एर्नी, हा कंपनीचा जोडा आहे."

"वेड लागलंय का ताई? कोऱ्या कागदावर काढलाय."

दुसरा काढला. तोच. तिसऱ्या वेळी मी डोळ्यांत तेल घालून शेजारी बसले. पेन्सिल रुंद चवड्याकडे निघाली, आणि कुणी मनगट धरून वळवावं तशी आत वळली. मला भीती वाटली, खरंच सांगते. खोलीत आम्हा दोघांशिवाय कुणी नव्हतं.

"सोड ती पेन्सिल," मी म्हणाले. "मी काढते. बाबांचे जोडे घालूनच मोठी झाले मी."

एर्नी शिमारांवचे, आमच्याकडच्या कडू चहाचे, घोट घेत खिडकीशी उभा राहिला. मी डोळे मिटून वडिलांचा जोडा आठवला, नीट आठवला, आणि रेघ ओढली. डोळे उघडले तेव्हा चवडा निमुळता झाला होता. तिरकी शिवणसुद्धा मीच काढली होती.

एर्नी वाकून बघू लागला. त्याचा चेहरा खुलला.

"हं, आता कसं! अगदी असेच असायचे बघ बाबांचे."