मतपत्रिकेची मागची बाजू

आर्डिस लुंडे काउंटी बोर्डाच्या, म्हणजे जिल्ह्याच्या कारभारी मंडळाच्या, निवडणुकीला उभी राहिली आणि तिच्या नवऱ्याची पंचाईत झाली. ऑरिनला दिसत नव्हतं. बऱ्याच वर्षांपूर्वी वसंतातल्या पेरणीच्या गडबडीत खताच्या अमोनियाची नळी फुटली आणि दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून दर नोव्हेंबरात आर्डिस त्याला हाताला धरून टाउनशिप हॉलमध्ये न्यायची, नावं वाचून दाखवायची आणि तो सांगेल तिथं खूण करायची. कायद्याला ते चालत होतं. आंधळ्या मतदाराला आपल्या मर्जीचा मदतनीस घेता येतो. पण मिनेसोटाच्या कायद्यात एक मेख होती: मदतनीस स्वतः उमेदवार असता कामा नये, मग ती लग्नाची बायको का असेना. अशा वेळी दोन वेगवेगळ्या पक्षांचे दोन मतदान अधिकारी शेजारी बसतात. एक वाचून खूण करतो, दुसरा लक्ष ठेवतो.

"म्हणजे मी कुणाला मत दिलं ते गावभर होणार," ऑरिन म्हणाला.

"त्यांना शपथ असते. बाहेर बोलले तर गुन्हा आहे." आर्डिस भांडी पुसत होती. "पण मी म्हणते, यंदा राहू दे ना. थंडी आहे, तुझा गुडघा दुखतोय. एका मतानं काय होणारे?"

"बायको उभी असताना नवरा घरी बसला, असं म्हणायला लावतेस होय लोकांना?"

ऑरिनला मतदानाचं भारी अप्रूप. शेत भाड्यानं दिलेलं, गाडी चालवता येत नाही, पत्रं बायको वाचते, पैसे बायको बघते. एवढं एकच काम उरलं होतं जे आपण स्वतः करतो असं त्याला वाटायचं.

शिवाय या खेपेला तो तिच्या प्रचाराचा खजिनदार होता. प्रत्येक पत्रकाच्या तळाशी पैसे कुणी दिले त्याचं नाव-पत्ता छापायचा नियम आहे, तिथं त्याचं नाव होतं. ठरावीक रकमेच्या आत खर्च राहिला तर हिशेब दाखल करावा लागत नाही, म्हणून आर्डिसनं हात आखडता घेतला आणि एकच पत्रक काढलं. सहीसाठी त्याचं बोट कागदावर नेऊन टेकवलं.

"लिहिलंय काय त्यात?" त्यानं विचारलं होतं.

"रस्ते, पूल, बर्फ काढायची गाडी. नेहमीचंच."

ते पत्रक घरोघर गेलं. व्हर्जिल नावाचा त्याचा शाळासोबती एकदा कॅफेत म्हणाला, "तुझं नाव वाचलं, ऑरिन, पत्रकावर." ऑरिन खुशीत म्हणाला, "चांगलं जमलंय ना? लिहिलं तिनं, पण पैसे माझे." व्हर्जिल म्हणाला, "असं का," आणि कॉफी ढवळत बसला.

हे 'असं का' म्हणजे नॉरहोल्म गावाचा हुकमी एक्का. आमच्याकडे माणसाला तोंडावर खोटारडा म्हणत नाहीत. नॉर्वेहून येताना आजोबा-पणजोबांनी दुसरं काही आणलं नसेल, पण हा गिळून गप्प बसायचा स्वभाव पेटी भरून आणला. समोरचा काहीही बोलो, 'असं का' म्हणायचं, हवापाण्यावर यायचं आणि पुढची वीस वर्षं मनात ठेवायचं. मला या सभ्यतेची मनापासून चीड आहे. एकानं जरी ऑरिनला वेळेवर फाडकन सुनावलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

कारण चार वर्षांपूर्वी गावाच्या शाळेचा प्रश्न मतदानाला आला होता. जमिनीवरचा कर थोडा वाढवायचा आणि वरचे वर्ग गावातच ठेवायचे, होय की नाही. ऑरिन त्याच शाळेत शिकलेला, त्याची मुलगीही. तो कॅफेत महिनाभर तावातावानं बोलला. मतदानाच्या दिवशी मात्र आर्डिसनं त्याला सांगितलं की शाळेची हद्द बदलली, आपलं शेत शेजारच्या वेल्बी गावात गेलं, आपल्या मतपत्रिकेवर तो प्रश्नच नाही. तो हळहळला. दुसऱ्या दिवशी कॅफेत येऊन तसं म्हणालाही. करवाढ थोडक्या मतांनी नामंजूर झाली होती, वरचे वर्ग वेल्बीला जाणार होते. टेबलावरचे सगळे म्हणाले, "असं का." त्यानंतर कॉफी कुणी पाजायची यासाठी फासे टाकताना फासे हलवायचा पेला त्याच्या हाती येईनासा झाला. ऑरिनला वाटलं, आपल्याला दिसत नाही, लोकांना ठिपके वाचून दाखवायचा कंटाळा आला असेल.

मतदानाच्या दिवशी आर्डिसनं पिकअप हॉलपासून लांब, रस्त्यापलीकडे उभी केली. उमेदवारानं दाराशी घुटमळायचं नसतं. मतदान अधिकारी ड्वेन स्ट्रो येऊन ऑरिनला कोपराला धरून आत घेऊन गेला. तो रिपब्लिकन. दुसऱ्या पक्षाकडून लव्हॉन बाक्के होती. वरच्या वर्गांना गणित शिकवायची, वर्ग गेले तशी नोकरीही गेली. गाव तिला अजून बाक्केबाईच म्हणतं.

"मी वाचते, तुम्ही सांगाल तिथं खूण करते, ड्वेन बघेल," ती कोरड्या आवाजात म्हणाली. "मला कुणाबद्दल मत विचारायचं नाही."

"बाई, इतक्या ताठ का? मी काय तुमचं गणित चुकवलंय?"

ती वाचू लागली. गव्हर्नर, मग त्याखालची पदं, मग आमदार. ऑरिन मजेत होता, प्रत्येक नावावर काहीतरी टोमणा मारत होता आणि ड्वेन दरवेळी खाकरत होता. काउंटी बोर्ड आलं.

"आर्डिस लुंडे. वेंडेल क्वाम."

"आर्डिस. विचारताय काय?"

पेन्सिल फिरली. आणखी काही नावं झाली. ऑरिननं हातमोजे चाचपले, उठायला लागला.

"बसा. मागची बाजू राहिली," बाई म्हणाली.

"मागची? कशाची?"

"मतपत्रिकेची." कागद सळसळला. "शाळेचा प्रश्न. नॉरहोल्मची प्राथमिक शाळा चालू ठेवण्यासाठी जमिनीवरचा कर वाढवावा का? होय किंवा नाही."

ऑरिन हसला. "दुसऱ्या कुणाची मतपत्रिका उचलली बाई तुम्ही. आम्ही वेल्बीच्या हद्दीत. चार वर्षं झाली की."

पलीकडे कुणीतरी नाव नोंदवत होतं.

"ऑरिन," बाई म्हणाली, "अख्ख्या टाउनशिपला एकच मतपत्रिका असते."

"मागच्या वेळी नव्हतं हे."

"मागच्या वेळीही होतं. याच जागी."

आता तिचा आवाज कोरडा राहिला नव्हता. आर्डिसनं त्याला फसवलं हे तिला कळलं होतं, आणि तिला कळलंय हे ऑरिनला कळत होतं. त्याला कागदाची ती सळसळ आठवली. चार वर्षांपूर्वी आर्डिस 'झालं' म्हणाली, कागद वाजला आणि पेन्सिल जराशी टेकली. ती घडी घालते आहे असं तेव्हा त्याला वाटलं होतं. म्हणजे त्याचं मत पडलं होतं. कोणत्या बाजूला पडलं, हे विचारायची गरज नव्हती.

"बाई, त्या पत्रकावर काय लिहिलंय? माझं नाव आहे त्या?"

"ते इथं बोलता येत नाही. मतदान केंद्रात प्रचाराचा मजकूर चालत नाही."

"प्रचार नकोय मला. माझ्या नावावर काय छापलंय तेवढं सांगा."

"जे मतपत्रिकेवर आहे तेवढंच मला वाचता येतं, ऑरिन."

"ड्वेन, तू सांग."

ड्वेन या वेळी खाकरलासुद्धा नाही. आर्डिसच्या पत्रकाचे गठ्ठे त्यानंच वाटले होते.

ऑरिननं कोटाची बटणं उघडली. भर चौकात कुणी आपले कपडे उतरवावेत तसं त्याला झालं, आणि कधी उतरवले ते आत्ता कळलं होतं. चार वर्षं तो ज्या टेबलावर शाळेबद्दल गळा काढत बसला, त्या टेबलावरच्या प्रत्येकाच्या घरी शाळेच्या कराविरुद्धचं पत्रक त्याच्याच नावानं पडलेलं होतं.

"खूण चुकली तर नवी मतपत्रिका मिळते ना?" त्यानं विचारलं.

"मिळते. नियम आहे."

"मग ही रद्द करा."

जुनी बाजूला ठेवली, नवी आली, बाईनं पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यानं टोमणे मारले नाहीत. काउंटी बोर्डाची दोन नावं आली तेव्हा त्यानं हात आडवा धरला.

"तिथं काही करू नका. पुढे चला."

मागच्या बाजूला तो म्हणाला, "होय." पेन्सिल टेकली ती त्यानं नीट ऐकली.

पिकअपमध्ये हीटर चालू होता. आर्डिसनं दार आतून उघडलं. "किती वेळ लावला रे. सगळं वाचलं का नीट?"

"वाचलं. मागची बाजूसुद्धा."

तिनं गाडी हलवली नाही. म्हणाली, "कर कोण भरतं माहितीये तुला? गव्हाला भाव नाही. बँकेची पत्रं मी वाचते, तू नाही. तू कॅफेत बसून मोठमोठ्या गप्पा मारतोस, आणि जमीन विकायची वेळ आली असती तर कागद मला करावे लागले असते."

"मग हे मला सांगायचंस."

"ऐकलं असतंस तू?"

"कदाचित नसतं. कदाचित 'नाही' म्हटलंही असतं. पण ते मी म्हटलं असतं ना, आर्डिस."

ती रडत होती की नाक पुसत होती, त्याला समजलं नाही, आणि त्या दिवशी समजून घ्यायची इच्छाही नव्हती. "कुणाला सांगणारेस?" तिनं विचारलं. त्यानं सीटबेल्ट चाचपून लावला. आंधळ्याच्या मतपत्रिकेवर त्याच्या मर्जीविरुद्ध खूण करणं हा साधा गुन्हा नाही, त्याला तुरुंग आहे, हे दोघांनाही ठाऊक होतं.

आर्डिस निवडून आली. शाळेसाठीची करवाढ नामंजूर झाली. प्राथमिक शाळेला जूनमध्ये कुलूप लागणार असं शाळेच्या बोर्डानं जाहीर केलं.

पुढच्या आठवड्यात ऑरिन कॅफेत गेला. मनाशी ठरवून गेला होता की सगळं सांगून टाकायचं. खुर्चीवर बसला, मागच्या टेबलावर बाक्केबाईचा आवाज ऐकला, आणि त्याला जरा धीर आला. लोकांनी बायकोबद्दल अभिनंदन केलं, हवापाण्याचं झालं. मग व्हर्जिलनं कप खाली ठेवला. व्हर्जिलची नात त्या शाळेत पहिलीला होती.

"एक विचारतो, ऑरिन. पत्रकावर तुझ्या नावानं 'शाळेचा कर नको' छापलेलं, आणि इथं बसून तू शाळा-शाळा करायचास. खरं काय केलंस तू?"

नॉरहोल्ममध्ये असं कुणी विचारत नाही. ऑरिननं तोंड उघडलं. एक वाक्य बोलायचं होतं, 'मी होय म्हणालो.' त्यामागोमाग दुसरा प्रश्न येणार होता, मग पत्रक कुणाचं? मग चार वर्षांपूर्वी काय झालं? आणि मग शेरीफ दारात. संध्याकाळी त्याला जेवण वाढणारं, पायऱ्या आल्या की दंड धरणारं माणूस एकच होतं.

"नाही म्हणालो," तो म्हणाला. "मागच्या वेळीही नाहीच म्हणालो होतो."

मागे खुर्ची करकरली. "ऑरिन..." बाक्केबाई म्हणाली. 'होय'वरची खूण तिच्या हातची होती.

"बाई, तुमची कॉफी निवतेय," ऑरिन मान न वळवता म्हणाला. तिनं खुर्ची पुन्हा टेबलाशी ओढली.

"निदान आज तरी खरं बोललास," व्हर्जिल म्हणाला, आणि कप उचलून दुसऱ्या टेबलावर जाऊन बसला.