शिंप्याची कात्री

शिंपी जाऊन तीन महिने झाले होते. त्याची बायको रोज सकाळी मशीनवरचं फडकं काढी आणि चाचपडत सुई ओवता ओवता त्याच्याशी बोले. "आज शाळेचे बारा गणवेश आहेत हो. मान मोडणार माझी." उत्तर येत नसे, पण दिवस निघे.

सासूला मात्र उत्तर हवं होतं. म्हणून तिच्या धाकट्या मुलाने बोलकीबाईला घरी आणलं. मेलेल्यांच्या आवाजात बोलणं हा तिचा धंदा. तिने ऐसपैस बसून चहात बिस्किटं बुडवून खाल्ली, मग शिंप्याचा कपडा मागितला. सासूने उशाखालचा शर्ट दिला. लेकाचा वास जाऊ नये म्हणून तिने तो धुतलाही नव्हता. बाईने त्यालाच तोंड पुसलं. शिसारी येते लिहितानासुद्धा!

"आई गं," बाई घोगऱ्या आवाजात कण्हली, "माझ्या कात्रीला ती हात लावते आणि इकडे मला चिरल्यासारखं होतं. दुकान धाकट्याला दे. मला सोडव."

"देऊन टाक गं ते दुकान!" सासू सुनेपुढे ओक्साबोक्शी रडू लागली. धाकटा रुमालाआड हुंदके देत होता. रुमाल कोरडा ठणठणीत होता.

सुनेने बाईला विचारलं, "पहिला कोट आठवतो का हो तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? मीच कापला. कात्री कधी दुसऱ्याच्या हाती दिली नाही मी."

सून सासूकडे वळली. "आई, तो कोट त्यांनी तिरका कापून वाया घालवला. त्या दिवसापासून दार लावून मीच कापत आले. गिऱ्हाईक हसेल म्हणून दोघंही गप्प राहिलो. मला जवळचं बारीक दिसत नाही, म्हणून सुई तेवढी ते ओवून द्यायचे. मेल्यावर माणूस एवढंही विसरतो?"

"वहिनी, मेलेल्याची परीक्षा घेता? लाज नाही वाटत?"

"वाटते ना भावजी. तुमची."

तिने शर्ट हिसकावून घेतला आणि दोघांना दार दाखवलं.

सासूने शर्ट नाकाला लावला. "याला आता बिस्किटांचा वास येतोय गं," ती म्हणाली आणि खाली बसली.

सुनेने सुई-दोरा तिच्या हातात दिला. "तुमच्या लेकाचं काम होतं हे. आता तुम्ही करा. ओवताना बोला त्यांच्याशी, हवं तेवढं बोला."

म्हातारीची नजर अजून शाबूत होती. दुसऱ्या खेपेला दोरा आरपार गेला. "ओवली रे बाळा," ती पुटपुटली.

वाचकहो, तुमच्या घरातल्या गेलेल्या माणसाच्या तोंडून सध्या कोण बोलतंय?